कारखाना कुटुंबाचा, नोंद एकाची

‘लाभार्थी’ हा शब्द प्रशासनाला फार प्रिय आहे. तो एकवचनी आहे, हेच त्या प्रियतेचे कारण. एक नाव, एक आधार क्रमांक, एक बँक खाते, की प्रकरण निकाली. पण हाताने काम करणारे घराणे एकवचनात काम करीत नाही, आणि नेमके तेथेच आमच्या योजना चुकतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोन चायनाचेच उदाहरण घेऊ. सुमारे निम्मी जनावरांच्या हाडांची राख आणि उरलेल्या निम्म्यात चिनी माती व फेल्डस्पारयुक्त दगड, हे त्याचे रूढ प्रमाण. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील स्टोक येथे जोसाया स्पोडने ते रुळविले. राखेमुळे ही माती पुरेशी चिवट नसते, चाकावर घडविणे अवघड जाते. म्हणून ती पाण्यात पातळ करून प्लास्टरच्या साच्यांत ओततात. साचे करणारा एक, ओतणारा दुसरा, कपाला कान चिकटविणारी तिसरी. पहिली भाजणी बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास होते. त्याच वेळी भांडे आकसते आणि जरा आधार चुकला की वाकडे होते, त्यामुळे भट्टी रचणाऱ्याची नजर पक्की लागते. मग झिलई, कमी तापमानाची दुसरी भाजणी आणि वरून नक्षी असल्यास तिसरी. घरातील पाचसहा जणांच्या हातांतून गेल्यावाचून कप पुरा होत नाही. यातला ‘कारागीर’ कोण?

हे घराणे जबलपुरात आहे असे समजू. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकाला हे शहर परके नाही. एके काळी तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच त्या प्रांताची राजधानी होती. माझी कल्पनाही अगदीच हवेतली नाही. जबलपूरच्या परिसरात भांड्यांच्या व भट्टीच्या विटांच्या कामाची माती आहे. तिच्याच बळावर बर्न कंपनीने तेथे कारखाना चालविला. राष्ट्रीयीकरणानंतर ती बर्न स्टँडर्ड झाली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने ती बंद करण्यास मंजुरी दिली. हाडांचा उद्योगही तेथे आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या, आज नर्मदा जिलेटिन्स या नावाने चालणाऱ्या कंपनीत हाडांपासून जिलेटिन होते, आणि हाडातील खनिज भागाचे डायकॅल्शियम फॉस्फेट पशुखाद्याच्या कामी येते. माती आहे, हाडाचा व्यवहार आहे, हातही मिळतील.

आता हे कुटुंब आमच्या दाराशी आले तर काय होईल? १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात कुंभार आहे, साचेकार नाही. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज मिळते. पण लाभ कुटुंबातील एकालाच, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. साहजिकच नोंद बहुधा कर्त्या पुरुषाची होईल. दिवसभर कान चिकटविणारी त्याची पत्नी कागदावर गृहिणीच राहील. दुसऱ्या टोकाला ‘स्फूर्ती’ ही २००५ची समूह योजना. तिची गणिते शेकडो कारागिरांची, आणि तिला अंमलबजावणी संस्था व प्रकल्प अहवाल लागतो. एकासाठी योजना आहे, पाचशेंसाठी आहे. सहा जणांचे घर मध्येच लोंबकळते.

हेच एकवचन जिल्ह्यालाही लावले आहे. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या धोरणात जबलपूरच्या वाट्याला मटार आले आणि खुर्जा ज्या जिल्ह्यात आहे त्या बुलंदशहराच्या वाट्याला चिनी मातीची भांडी. मटाराशी माझे भांडण नाही. पण ज्या जिल्ह्याला एकच ओळख दिली, तेथे दुसऱ्या कसबाच्या फाइलीला कोण हात लावणार?

एकाच घरात दहा अर्ज येऊ नयेत म्हणून ही अट आहे, असे माझे सहकारी सांगतात. शंका रास्त आहे, उपाय मात्र चुकीचा. गैरवापर रोखण्यासाठी रकमेची मर्यादा कुटुंबाला लावावी, माणसांच्या नोंदीला लावू नये. मदत एका घराला एकदाच द्या, पण काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव व कौशल्य लिहा. आणि हे अशक्य म्हणणाऱ्यांनी आयकर कायद्याकडे पाहावे. हिंदू अविभक्त कुटुंब हा तेथे स्वतंत्र करदाता आहे. कर घेताना जे कुटुंब आम्हाला सहज ओळखता येते, ते मदत देतानाच का दिसेनासे होते?

माझी मागणी मोठी नाही. अर्जात ‘कुटुंब कार्यशाळा’ असा एक प्रकार हवा, त्यात सर्व कामकऱ्यांची नावे हवीत, आणि साहाय्य अवजारांच्या संचापुरते न राहता भट्टीपर्यंत पोहोचावे. पंधरा हजारांत बाराशे अंशांची भट्टी येत नाही, हे मंत्रालयातही कुणाला समजावून सांगावे लागू नये. अन्यथा आपण कारागिरांची यादी जपू आणि कारखाने गमावू. ज्या स्त्रीचे नाव आज कुठेच लिहिले गेले नाही, तिचे कसब लोपल्याची नोंद तरी आमच्याकडे कशी असेल?