जीवशास्त्रातली 'जाती' आणि मनूची जात

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात सजीवांच्या वर्गीकरणाची उतरंड शिकवतात : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. इंग्रजीतल्या 'स्पीशिज'साठी मराठीत रूढ झालेला शब्द 'जाती'. आंबा ही एक जाती, वाघ ही एक जाती, माणूस ही एक जाती. आणि हा धडा शिकणाऱ्या पोराच्या दाखल्यावर 'जात' नावाचा आणखी एक रकाना असतो. शब्द एकच, पण पहिला निसर्गाचा आणि दुसरा माणसाने केलेला. ब्राह्मणी व्यवस्थेची सगळी लबाडी हा फरक पुसण्यात आहे.

पुरुषसूक्त काय सांगते? मुखातून ब्राह्मण, बाहूतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य, पायांतून शूद्र. म्हणजे चौघांचा उगमच वेगळा. मनुस्मृतीने त्यावर इमारत चढवली : जन्म वेगळा, रक्त वेगळे, म्हणून विवाह वेगळे आणि त्यांत सरमिसळ झाली तर 'संकर'. हा शब्द नीट पाहा. संकर हा वनस्पती आणि जनावरांच्या बाबतीत वापरायचा शब्द आहे. माणसा-माणसांच्या लग्नाला तो लावणे म्हणजे ती माणसे वेगवेगळ्या जीवजाती आहेत असे सांगणे. हा दावा धर्माचा असला तरी त्याचा विषय जीवशास्त्राचा आहे. मग जीवशास्त्राच्या कसोटीवर तो तपासायला काय हरकत आहे?

तपासू या. स्वीडनच्या लिनियसने 1758 साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन शब्दांची नावे पद्धतशीरपणे दिली आणि माणसाला 'होमो सेपियन्स' म्हटले. तो रूपावरून वर्गीकरण करी. पण रूप फसवते. त्याच लिनियसने माणसाचे खंड आणि रंगांवरून चार प्रकार पाडले आणि प्रत्येकाला स्वभावही चिकटवून टाकला. युरोपातला माणूस अर्थातच सर्वांत शहाणा! वर्गीकरण करणारा स्वतःला वरच्या फळीवर बसवतो, हा रोग फक्त आपल्याकडचा नाही.

पुढे 1942 साली अर्न्स्ट मायर यांनी जी व्याख्या मांडली ती आजही सर्वाधिक वापरली जाते : ज्या समूहांतील जीव निसर्गात आपसांत प्रजनन करतात आणि ज्यांची संतती पुढे प्रजननक्षम असते, ते एका जातीचे. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण घोड्याची गुणसूत्रे 64, गाढवाची 62, खेचराची 63, आणि खेचर सहसा वांझ असते. म्हणून घोडा आणि गाढव दोन जाती. जिवाणूंना ही व्याख्या लागू पडत नाही, आणि लांडगा व कोल्ह्यासारख्या जवळच्या जातींतही संकर होतो, म्हणून शास्त्रज्ञ आता जनुकसंचही तपासतात. पण माणसाच्या बाबतीत प्रश्न सरळ आहे. ब्राह्मण आणि महार यांची मुले वांझ जन्मतात का? मग बेटीबंदीची भिंत कोणी बांधली? निसर्गाने तर नाही.

ही कसोटी नवीनही नाही. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो : माणूस ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? तथागत उत्तर देताना गवत, झाडे, किडे, साप, मासे, पक्षी यांची उदाहरणे देतात. या सर्वांत जातीजातीची खूण शरीरावर दिसते, माणसांत अशी खूण कुठेच नाही. माणसांतला भेद नावाचा आणि व्यवसायाचा आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी 'जाती' आणि 'जात' वेगळी करणारा हा युक्तिवाद आहे, आणि तो आजही कोणी खोडलेला नाही.

आता जनुकांकडे येऊ. माणसाच्या जनुकसंचात सुमारे 3 अब्ज अक्षरे आहेत. दोन जीवांची तुलना करताना ही अक्षरे एकाखाली एक लावतात आणि कुठे अक्षर बदलले, कुठे तुकडा गळाला, कुठे जास्तीचा घुसला ते मोजतात. माणूस आणि चिंपांझी यांचे जे भाग एकमेकांशी जुळवता येतात, त्यांत अक्षरांचा बदल सुमारे 1.2 टक्के आहे. गळालेले आणि घुसलेले तुकडे धरले तर फरक 4 टक्क्यांच्या आसपास जातो. कोणत्याही दोन माणसांत अक्षरबदलाचा हाच आकडा साधारण 0.1 टक्के भरतो. 1972 साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांवरून दाखवले की, माणसांतील एकूण भिन्नतेपैकी सुमारे 85 टक्के एकाच समूहाच्या आत असते. म्हणजे बहुतेक फरक एकाच वस्तीत, एकाच जातीत सापडतो. 'शुद्ध रक्त' कुठे शोधायचे?

मित्रांनो, इथपर्यंत आपण सगळे सहमत असू. पुढचे काहींना रुचणार नाही, तरी बोलले पाहिजे.

आपल्याच सभांमधून, व्हॉट्सअॅपवरून एक दावा अनेक वर्षे फिरतो : 2001 साली अमेरिकेतील मायकेल बामशाद यांच्या संशोधनाने सिद्ध झाले की ब्राह्मण विदेशी आहेत, डीएनए रिपोर्ट आला आहे, विषय संपला. या मांडणीने चळवळीचा फायदा नाही, नुकसान आहे.

पहिले कारण शास्त्रीय. तो अभ्यास आंध्रमधील विशाखापट्टणम भागातील काही जातींचा होता. त्यात वरच्या जातींची पित्याकडून येणारी वाय गुणसूत्रे युरोपीयांच्या अधिक जवळची दिसली, तर मातेकडून येणारा वारसा प्रामुख्याने आशियाई निघाला. पण वाय गुणसूत्र फक्त बापाच्या बापाच्या बापाची एकच रेघ सांगते. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे पूर्वज हजाराहून जास्त, आणि वाय गुणसूत्र त्यांतील एकाचे. 2009 साली हैदराबादच्या सीसीएमबीमधील लालजी सिंह, के. थंगराज आणि अमेरिकेतील डेव्हिड राइक यांच्या गटाने संपूर्ण जनुकसंचावरील लाखो जागा तपासल्या. भारतातील जवळजवळ सर्व समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून आलेले दिसले. प्रमाण कमी-जास्त आहे, पण मिश्रण सर्वांत आहे. 'ते पूर्ण बाहेरचे, आपण पूर्ण इथले' असा निकाल यातून निघत नाही.

दुसरे कारण बाबासाहेबांचे. 1946 साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाच्या सिद्धांताची चिरफाड केली. रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड लावत होता. 1948 साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' लिहिताना बाबासाहेबांनी नाकाची तीच मापे हाती घेतली आणि त्यांवरूनच निष्कर्ष काढला की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. शत्रूच्या फुटपट्टीने त्यांनी शत्रूचाच दावा मोडला. आपण आता तीच फुटपट्टी उचलून वंशाचे राजकारण करायचे?

तिसरे कारण तत्त्वाचे. समजा उद्या एखाद्या रिपोर्टने सिद्ध झाले की आपलेच पूर्वज नंतर आले. मग आपले हक्क कमी होतील? समता हा माणूस असण्याचा हक्क आहे, आधी कोण आले याच्या शर्यतीचे बक्षीस नव्हे. संविधानाचे कलम 14 डीएनए रिपोर्ट मागत नाही.

मग जनुकशास्त्र आपल्या काय कामाचे? फार कामाचे. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. आपल्या गटाबाहेर लग्न न करणे हाच जातीचा गाभा, असे त्यांनी त्यात ठामपणे मांडले. 2013 साली प्रिया मूर्जानी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यानुसार भारतातील समूहांत सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वीपर्यंत मोठी सरमिसळ झाली, आणि नंतर ती थांबली. याचा अर्थ जात सनातन नाही. तिच्या आधी या देशात माणसे एकमेकांत मिसळत होती, मग कोणीतरी दारे लावली. 1916 साली बाबासाहेबांनी समाजशास्त्राने जे सांगितले, त्याचा पुरावा आज आपल्या पेशींत सापडतो. जनुकांनी जात घडवली नाही. जातीने मात्र जनुकांवर ओरखडा उमटवला आहे.

तो ओरखडा आपल्या घरात आहे. विदर्भात सिकलसेलचे जनुक अनुसूचित जाती आणि जमातींत मोठ्या प्रमाणात आढळते. हे जनुक एका पालकाकडून आले तर मलेरियापासून काही संरक्षण मिळते, दोघांकडून आले तर आजार होतो. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. हा 'हलक्या रक्ताचा' रोग नाही : आफ्रिकेपासून अरबस्तान आणि ग्रीसपर्यंत जिथे मलेरिया होता तिथे तो सापडतो. आणि गटातच लग्ने करण्याची किंमत वरच्या म्हणवणाऱ्यांनाही चुकलेली नाही. आंध्रच्या वैश्य समाजात एका विकराची कमतरता जास्त आढळते, त्यामुळे भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाने स्नायू दीर्घकाळ लुळे पडतात.

म्हणून तरुणांना दोन कामे सांगतो. एक, आपल्या वस्तीत सिकलसेलची तपासणी घडवून आणा. प्राथमिक आरोग्य केंद्रात चाचणी आणि औषध मिळते का ते विचारा, मिळत नसेल तर निवेदन द्या, मोर्चा काढा. वाहक मुलीचे लग्न मोडणाऱ्यांना समजवा. वाहक असणे आजार नाही, आणि तपासणी मुलाचीही झाली पाहिजे. दोन, आंतरजातीय विवाहाच्या पाठीशी उभे राहा, आपल्या पोटजातींतूनच सुरुवात करा. कारण आजार टाळणे एवढेच नाही. बाबासाहेबांना त्यातून आपलेपणा हवा होता, परकेपणाची भावना मिटायला हवी होती.

जीवशास्त्राने सांगायचे ते सांगून झाले आहे : माणूस ही एकच जाती. दुसरी जात मोडायचे काम प्रयोगशाळेचे नाही, आपले आहे.

जय भीम!