कापसाचा साहेब कोणाचा?



कापसाच्या व्यापारावर देखरेख करणारा सरकारी साहेब आपल्या मुलखाला नवा नाही. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झाले, मँचेस्टरच्या गिरण्यांची रुई तुटली. त्याच दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कॉटन कमिशनर हे पद आले. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हा त्या जागेवरचा नावाजलेला अधिकारी. लाटसाहेबापुढे जागा लहानच. पण बी कोणते, रुईत भेसळ कुठे होते, गाठी मुंबईला लवकर कशा पोचतील, हे सारे तो पाहायचा.

कामे झाली. 1870 मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या रुईला उमरावतीवरून 'ऊमरा' म्हणत.

पण ही कामे कोणासाठी? याच कमिशनरच्या अहवालात हिशेब उघड मांडला आहे. रेल्वेने विलायती कापड स्वस्त आले की इथले कातणे-विणणे मागे पडेल, त्यात लागणारी रुई निर्यातीला सुटेल आणि ते रिकामे हात शेतमजुरीला मिळतील. पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडेल, हा रकाना त्या हिशेबात नाही.

स्वराज्य आले, पाट्या बदलल्या. युद्धकाळात, 1943 मध्ये, कापडाच्या पुरवठ्यासाठी टेक्स्टाइल कमिशनर नेमला गेला. ते पद पुढेही राहिले. 1955 च्या कापूस नियंत्रण आदेशाने रुईच्या व्यापारावरचे अधिकारही त्याच्याकडे आले. नावात कापड आहे, कापूस नाही!

साहेब बरा की वाईट, हा वाद व्यर्थ आहे. खुर्ची ज्याच्या गरजेसाठी मांडली, त्याच्याकडेच तिचे तोंड राहते. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना रुई मिळावी म्हणून. तेव्हा आपले पीक पाती-फुलांवर होते. बियाणे, खत, निंदण, फवारणी यांचा खर्च मातीत गेलेला. आपल्याला कोणी विचारले?

म्हणून या बैठकीत दोनच मागण्यांचा ठराव करा. पेरणीपासून कापूस विकून होईपर्यंत आयात-निर्यातीचे धोरण बदलू नये. आणि कापसाबद्दलचा कोणताही निर्णय घेताना गिरणीच्या गरजेशेजारी कोरडवाहू एकराचा उत्पादनखर्च मांडलाच पाहिजे. तो कागद साहेब करणार नाही. आपापल्या गावचा हिशेब लिहून आणा.