कानांचा विवेक

सायंकाळचे प्रतिक्रमण आटोपले आणि म्हसावदच्या एका घरात नात झपाटलेल्या वाड्याची कादंबरी ऐकत बसली. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठीत रुजविलेली भयकथा आता कानांवाटे घराघरांत येते. डोळे मिटता येतात. कानांना पापण्या नसतात. रात्री नातीला एकटीने झोपवेना.

दादी म्हणाल्या, ‘‘बेटा, भूत, पिशाच हे व्यंतर देवांच्या आठ भेदांतलेच. तेही कर्माने बांधलेले. तुझे कर्म ते कसे बदलणार?’’

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात ‘दुःश्रुति’, म्हणजे मन कलुषित करणारे श्रवण, अनर्थदंडांत गणली आहे. ऐकून उठल्यावर मनात काय उरले, हे ज्याचे त्याने तपासावे.

नवकार म्हणून नातीने दिवा स्वतःच मालवला.