दांडा गिऱ्हाइकाचा, खाच कंपनीची

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत दाढीचे साधे दुधारी पाते मागणाऱ्याला 'रेझर कोणता?' असे कोणी विचारत नाही. पाते कोणत्याही कारखान्याचे असो, ते कोणत्याही दुधारी रेझरमध्ये बसते. तेच पाते मधोमध मोडून न्हावी वस्तऱ्यात घालतो. मात्र जुन्या जोडपात्याच्या रेझरसाठी कार्ट्रिज हवे असले, की चौकशी सुरू होते. जिल्ह्याच्या दुकानात मिळते ते बसेलच असे नाही, आणि बसते ते मिळेलच असे नाही. अखेर धातूचा धडधाकट दांडा कचऱ्यात जातो व गिऱ्हाईक नवा घेते.

या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रकारात मक्तेदारीचे संपूर्ण अर्थशास्त्र सामावलेले आहे. दांडा स्वस्तात द्यावा आणि पात्यांवर कमवावे, हा किंग जिलेट यांचा आद्य मंत्र असल्याची दंतकथा व्यवस्थापनाचे वर्ग अजूनही घोकतात. वस्तुस्थिती उलटी आहे. १९०४ च्या पेटंटाचे संरक्षण होते तोवर त्यांचा रेझर पाच डॉलरना, म्हणजे चांगलाच महाग, विकला जात होता. १९२१ मध्ये पेटंट संपले आणि दुधारी पात्याचा आकार सर्वांचा झाला. पुढे कोलकाता व ठाणे येथील कारखान्यांनी तीच पाती काढली व स्वस्त दाढी खेड्यापर्यंत पोहोचली. आकार सामायिक, म्हणून स्पर्धा खरी.

ही सामायिकता मोडली ती १९७१ मध्ये, ट्रॅक टू या जोडपात्याच्या रेझरने. १९७७ मध्ये हलत्या माथ्याचा अॅट्रा आला. त्याची खाच वेगळी. आपल्याकडील सेव्हन ओक्लॉक पी टू पहिल्या घराण्यातले, तर व्हेक्टर दुसऱ्या. दोन्हींना पाती दोनच, समोरून पाहता भेद कळू नये. फरक केवळ पाठीमागच्या खाचेत. १९९८ मध्ये तीन पाती आली, २००६ मध्ये पाच, आणि दर वेळी खाच बदलली. २०१० मध्ये भारतीय गरिबांसाठी म्हणून १५ रुपयांचा रेझर व ५ रुपयांचे एकपाती कार्ट्रिज आले. स्वस्ताई खरी होती, ती नाकारण्याचे कारण नाही. पण खाच तिथेही निराळीच!

'सक्ती कोणी केली? दुधारी वापरा', असा युक्तिवाद मुक्त बाजाराचे भाट करतील. हात थरथरणाऱ्या वृद्धाला किंवा लातूरच्या वसतिगृहात पहिली दाढी करणाऱ्या पोराला जोडपाते अधिक सोयीचे पडते, आणि ते त्याने का सोडावे? आक्षेप दोन पात्यांवर नाही, खाचेवर आहे. शिवाय त्या जुन्या खाचांची पेटंटे केव्हाच संपली; कोणीही तशी पाती बनवू शकतो, परदेशात बनवतातही. म्हणजे गिऱ्हाइकाला आज कायदा अडवत नाही, दुकानाची फळी अडवते. सावकाश खपणारा माल लहान दुकानदार ठेवत नाही, आणि वितरकाला नवा, महाग माल खपवण्यात रस असतो. (केसांना पाते न लावणाऱ्या श्रद्धाळूंचे नांदेड हे तीर्थक्षेत्र, या लुटीतून तेवढेच सुटले.)

मोटारींच्या बाबतीत हे दुखणे देशाने ओळखले आहे. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. रकमेवर पुढे अपिले झाली, ती गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने समिती नेमली. तिच्यापुढे शेती अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे व वाहने होती. दाढीचे सामान नव्हते. मोटार न घेणारा माणूसही दाढी करतो, हे समितीला कोणी सांगायचे? डाव्या पुढाऱ्यांनी सांगितले असते, पण त्यांना हा विषय हास्यास्पद वाटतो.

वेष्टनावर किंमत व उत्पादनाचा महिना छापण्याची सक्ती आहेच. त्याच नियमांत, हे पाते कोणकोणत्या दांड्यांना बसते, ही एक ओळ मराठीतून छापण्याची सक्ती करावी. मानक ब्यूरोने जुन्या दोन खाचांची मापे राष्ट्रीय मानक म्हणून जाहीर करावीत, म्हणजे लहान कारखानदारही त्यात उतरतील. आणि नांदेड-लातूरच्या ग्राहक भांडारांनी तशी पाती ठोक मागवून फळीवर ठेवावीत. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.