नवी काच, जुना नकाशा

एका हाताने कांदेपोहे परतायचे आणि दुसऱ्या हाताने टॅबवर मेल बघायचे, हा मल्टिटास्किंगचा माज मला गेल्या महिन्यात चांगलाच महागात पडला. टॅब ओट्यावरून थेट फरशीवर! काचेवर कोळ्याचं जाळं, आत चित्र मात्र ठणठणीत. एवढंच ना, काच बदलू, म्हणत रिपेअरवाल्याकडे गेले. अडीच हजार मोजले आणि संध्याकाळी चकचकीत टॅब हातात. आपण खूश!

ती खुशी घरी पोहोचेपर्यंतच टिकली. स्क्रीनच्या खाली डाव्या कोपऱ्यात बोट टेकवलं, तर वरची उजव्या कोपऱ्यातली फुली दाबली गेली आणि विंडो बंद! पुन्हा टेकवलं, पुन्हा बंद. डावं ते उजवं, वरचं ते खाली... टॅबने चक्क शीर्षासन घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. त्याने दोनदा बोट फिरवून निकाल दिला, "मॅडम, सॉफ्टवेअर करप्ट झालंय. फॉर्मॅट मारू, अर्ध्या तासात ओके."

माझ्या पोटात गोळा आला. त्या टॅबवर घरकाम करणाऱ्या बायकांच्या सहा तासांच्या मुलाखती होत्या. चार घरची भांडी घासून आल्यावर, स्वतःच्या घरचा स्वयंपाक थांबवून त्यांनी तो वेळ मला दिला होता. आणि बॅकअप? 'रविवारी घेऊ' या यादीत! आता पुन्हा कुठल्या तोंडाने विचारणार?

टॅब उचलला आणि बाहेर येऊन आधी कॉलेजच्या मित्राला फोन लावला. तो सर्किट्सच्या दुनियेत नोकरी करतो. माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "अगं, फॉर्मॅट अजिबात नको. आधी माउस लाव." अरेच्चा! टच वेडा झाला म्हणून टॅब थोडाच वेडा झालाय? शंभर-दीडशे रुपयांचा ओटीजी अडॅप्टर, त्याला साधा यूएसबी माउस, आणि वीस मिनिटांत सगळ्या मुलाखती पेन ड्राइव्हवर. मग कुठे मला श्वास घेता आला.

त्यानंतर त्याने जे समजावलं ते तुमच्यासाठीही. टच स्क्रीन म्हणजे नुसती काच नव्हे. काचेखाली न दिसणाऱ्या तारांची जाळी असते. बोट कुठे टेकलं हे एक छोटी चिप त्या जाळीवरून ओळखते. जाळीची कुठली तार कुठे आहे, डावं कुठलं, उजवं कुठलं, हा नकाशा म्हणजे फर्मवेअर. चिपचं म्हणणं विंडोज किंवा अँड्रॉइडपर्यंत पोहोचवतो तो ड्रायव्हर. काही चिप हा नकाशा स्वतःच्या पोटात ठेवतात. पण स्वस्त टॅबमध्ये भेटणाऱ्या सायलीडसारख्या चिप तो पोटात ठेवत नाहीत. दर वेळी टॅब सुरू झाला की ड्रायव्हर एका फाइलमधून नकाशा चिपमध्ये भरतो. आता काच बदलली, पण नव्या काचेची जाळी वेगळ्या मांडणीची निघाली तर? काच नवी, नकाशा जुना. पुण्याचा नकाशा घेऊन नागपुरात पत्ता शोधण्यातला प्रकार!

आणि फॉर्मॅट केलं असतं तर? डेटा तर जाताच, वर ती नकाशाची फाइलही गेली असती. विंडोज नव्याने टाकताना ती आपोआप मिळेलच याची खात्री नसते. म्हणजे उलटा का होईना, चालणारा टच पूर्ण बंद!

तेव्हा असा प्रसंग आलाच, तर आधी लक्षणं बघा. टच उलटा चालतो, आडव्याचा उभा होतो किंवा स्क्रीनच्या एका तुकड्यातच चालतो? संशय फर्मवेअरवर घ्या. ठरावीक पट्टाच मेलाय, किंवा बोट न लावता आपोआप क्लिक होतंय? मग बहुधा आतली केबल नीट बसलेली नाही किंवा काचच सदोष आहे. भुताटकी फक्त चार्जिंगलाच होत असेल, तर आधी चार्जर बदलून बघा. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'पॉइंटर लोकेशन' सुरू केलं, की बोटाचा माग रेघेने दिसतो. रेघ कुठे तुटते ते लगेच कळतं.

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा. टच स्क्रीन डिसेबल करून पुन्हा एनेबल करा. अपडेटनंतर बिघडलं असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' आहेच. अनइन्स्टॉल करताना मात्र ड्रायव्हर डिलीट करण्याच्या चौकोनात टिक करू नका! कॅलिब्रेशनने थोडा हललेला टच जागेवर येतो, शीर्षासन सुटत नाही. कॅलिब्रेशनने आणखी बिघडलं तर शेजारीच 'रिसेट'चं बटण असतं.

अपडेटचा दणका मोठ्यांनाही बसतो. २०१८ मध्ये आयओएस ११.३ आल्यावर बाहेरची स्क्रीन बसवलेल्या काही आयफोन ८ चा टचच बंद पडला होता. अॅपलने ११.३.१ आणून तो दुरुस्त केला. म्हणजे तिथेही काच फुटकी नव्हतीच.

माझ्या टॅबचं काय झालं? मित्राने विचारलं, "जुनी काच कुठेय?" ती दुकानाच्या डब्यातच पडली होती. तिच्या चपट्या केबलवर छापलेला नंबर आणि नव्या काचेचा नंबर, शेवटची दोन अक्षरं वेगळी! दुकानदाराने, त्याचं श्रेय त्याला, लगेच पार्टवाल्याला फोन केला. त्या काचेची फर्मवेअर फाइल व्हॉट्सअॅपवर आली. जुन्या फाइलची कॉपी बाजूला ठेवली, नवी तिच्या जागी टाकली, टॅब रिस्टार्ट. डावं ते डावं, उजवं ते उजवं! दुकानदार हसून म्हणाला, "पुढच्या वेळी आधी नंबर बघीन."

आपणही बघायचा. काच बदलायला टाकताना आधी बॅकअप, मग ड्रायव्हरच्या फोल्डरची कॉपी, मग नंबर जुळतोय का हे विचारणं आणि जुनी काच परत मागून घेणं. आणि कुणी "फॉर्मॅट मारू" म्हणालं, तर गोड हसून म्हणा, "थांबा हं, आधी माउस लावते."

मुलाखती? या वेळी रविवारची वाट बघितली नाही. तीन ठिकाणी कॉपी आहेत. आणि पोहे मी आता दोन्ही हातांनी परतते!