आंतरदेशीय दत्तक : कागद पूर्ण होतात, नाते कधी जुळते?

सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने परदेशी कुटुंबांना मूल दत्तक देणे बंद केल्याचे जाहीर केले. जवळच्या नात्यातले आणि सावत्र मूल एवढाच अपवाद ठेवला. आपल्याकडे ही बातमी आली आणि गेली. पण तिच्यात एक गोष्ट होती, जी कुणाही आई-बापाच्या काळजाला लागावी. अमेरिकेतली शेकडो कुटुंबे अशी होती, ज्यांना कोविडच्या आधीच मूल ठरवून मिळाले होते. फोटो आले होते, घरात खोली तयार होती. २०२० मध्ये प्रवास बंद झाला, ‘थांबा’ म्हणून सांगितले गेले, आणि चार वर्षांनी कळले की ते मूल आता येणारच नाही. फोटोतल्या ज्या माणसांना ही मुले ‘आई-बाबा’ म्हणून ओळखायला शिकली होती, त्यांची भेट कधी झालीच नाही.

त्याच वर्षी नेदरलँड्सने परदेशातून दत्तक घेणे टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवले. इथिओपियाने २०१८ मध्येच दार लावले होते. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने तर सरकारलाच जबाबदार धरले: मुलांना परदेशी पाठवण्याच्या घाईत कागदपत्रे खोटी केली गेली, आई-वडील जिवंत असताना मुलांना बेवारस दाखवले गेले. म्हणजे जग आज या सगळ्या प्रकाराकडे संशयाने पाहते आहे, आणि तो संशय फुकाचा नाही.

मग याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. रत्नागिरी-रायगडची किती घरे दुबई, कुवेत, दोहा, लंडन, दक्षिण आफ्रिकेत पसरली आहेत, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्यांच्यात मूल नसलेली जोडपीही आहेत. भारतातून कायद्याने मूल दत्तक घेता येते का, शरीयतच्या दृष्टीने त्यात काय, हे प्रश्न घराघरांत दबक्या आवाजात विचारले जातात. चर्चा होते ती वकील, फी आणि व्हिसाची. मुलाशी ओळख कशी करायची, किती दिवस द्यायचे, याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

आधी कायद्याचे थोडक्यात. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा, तो आपल्याला लागू नाही. पण बालन्याय कायद्याखाली, म्हणजे आताच्या २०१५ च्या जे.जे. अ‍ॅक्टखाली, कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते. शबनम हाश्मी प्रकरणात २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की हा मार्ग ऐच्छिक आहे. ज्याला पर्सनल लॉ पाळून त्यापासून दूर राहायचे आहे, त्याच्यावर सक्ती नाही. परदेशात राहणाऱ्यांसाठी हे काम दिल्लीच्या ‘कारा’मार्फत चालते. त्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून घराची पाहणी, मग पोर्टलवर नोंदणी, मुलाची माहिती, ती स्वीकारणे, ‘कारा’चे ना-हरकत पत्र, मग आदेश. हा आदेश पूर्वी कोर्ट देत असे, २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी देतात. मग पासपोर्ट, व्हिसा, विमान. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी जोडप्याला निवासी भारतीयांच्या बरोबरीने रांगेत धरतात. परदेशी पासपोर्ट घेतलेल्यांचा नंबर नंतर लागतो, आणि त्यांच्या वाट्याला बहुधा मोठी झालेली, भावंडांसह असलेली किंवा आजारपण असलेली मुले येतात.

भावाचे किंवा बहिणीचे मूल ‘आमच्याकडे वाढू दे’ म्हणून परदेशी नेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, नात्यातल्या मुलासाठीसुद्धा आदेश आणि ‘कारा’ची मंजुरी लागते. आजीच्या मांडीवर झालेला तोंडी करार एअरपोर्टवर चालत नाही.

आता या सगळ्या साखळीत मुलाची प्रत्यक्ष भेट कुठे येते ते पाहा. माहिती स्वीकारल्यानंतर इच्छा असेल तर संस्थेत जाऊन मुलाला भेटता येते. ‘इच्छा असेल तर’. ना-हरकत पत्र मिळाल्यावर, आदेश व्हायच्या आधी, मुलाला तात्पुरते आपल्याजवळ भारतातच ठेवायचीही सोय आहे. म्हणजे दार उघडे आहे, आत जायचे की नाही हे कुटुंबावर सोडले आहे. बल्गेरियात तसे नाही. तिथे परदेशी जोडप्याला पहिल्या फेरीत मुलाबरोबर निदान पाच दिवस घालवावेच लागतात, नंतर दुसरी फेरी. कझाकस्तानसारख्या मुस्लिमबहुल देशात हा ओळखीचा काळ आठवड्यांत मोजतात. आपल्याकडे सक्ती नाही म्हणून बरीच जोडपी शेवटच्या फेरीतच मूल पाहतात आणि चार-आठ दिवसांत घेऊन निघतात. सुट्टी नाही, तिकीट महाग, हे खरे. पण त्याची किंमत मूल चुकवते.

रुमानियात बुखारेस्टमध्ये अनाथालयातल्या १३६ बालकांचा अभ्यास झाला, तो या विषयात फार महत्त्वाचा मानतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून अर्धी मुले पालक-कुटुंबांत पाठवली, अर्धी संस्थेतच राहिली. जी मुले दोन वर्षांची व्हायच्या आत कुटुंबात गेली, त्यांचे माणसाशी नाते जुळणे पुष्कळ सुधारले. उशिरा गेली त्यांना जास्त वेळ लागला. म्हणजे एकीकडे घाई हवी आणि दुसरीकडे सबुरी हवी: कागदात घाई, मुलाच्या बाबतीत सबुरी. आपण नेमके उलटे करतो.

पहिल्या भेटीत काय होते? बहुतेक वेळा काहीच होत नाही. मूल रडते, नाहीतर ताईच्या ओढणीमागे लपते, नाहीतर गप्प बसून खेळणे फिरवत राहते. आई हिरमुसते. बाप म्हणतो, ‘याला आम्ही आवडलो नाही वाटते.’ खरे तर रडणारे मूल हे बरे लक्षण. ताईपासून दूर व्हायला ते तयार नाही, म्हणजे एका माणसावर जीव लावायला ते शिकले आहे. तोच जीव उद्या तुमच्यावर लागेल. काळजी करावी ती पहिल्या मिनिटाला कुणाच्याही कडेवर जाणाऱ्या, सगळ्यांना सारखेच हसणाऱ्या मुलाची. लोक म्हणतात, ‘माशाअल्लाह, लगेच आले हो आपल्याकडे!’ पण ज्याला खूप हात बदलावे लागले, ते मूल सगळ्यांकडेच जाते. त्याला ‘ही माझी माणसे’ हे कळायला महिने लागतात.

म्हणून भेट ही पसंतीची पाहणी समजू नये. रोज ठरावीक वेळी जावे, तेच दोघे जावेत. पहिल्या दिवशी मिठी मारायला धावू नये, जमिनीवर बसावे, मुलाला जवळ येऊ द्यावे. ताईला विचारून घ्यावे: कुठल्या कुशीवर झोपते, वरण-भात कालवून खाते की नुसता भात, अंघोळीला घाबरते का, रात्री उठते तेव्हा काय म्हणून शांत करता. हे प्रश्न कुठल्याच अहवालात नसतात. ज्या चादरीवर ते झोपते ती मागून घ्यावी आणि, हे महत्त्वाचे, धुऊ नये. तिचा वास हे त्या मुलाचे अख्खे घर असते. निघायच्या दिवशी ताईला मुलाचा निरोप घेऊ द्यावा. ‘रडेल म्हणून गुपचूप नेऊ’ असे करणारे पुष्कळ असतात, पण गुपचूप नेलेले मूल पुढे कितीतरी दिवस डोळे मिटायला घाबरते, की उठल्यावर कोण असेल.

भाषेच्या बाबतीत आपली घरे नशीबवान आहेत. महाराष्ट्रातल्या संस्थेत वाढलेल्या मुलाच्या कानावर मराठीच असते. लंडनच्या किंवा शारजाच्या घरात कोकणी-मराठी बोलणारी अम्मी असेल तर ‘ये, भूक लागली?’ एवढे दोन शब्दही त्याला आधार देतात. तिथे गेल्या गेल्या उर्दू आणि इंग्रजी शिकवायची घाई कशाला? नावाचेही तसेच. संस्थेने ठेवलेले नाव बदलायचे असेल तर बदला, पण मूल त्या नावाला ओ देत असेल तर काही महिने ते राहू द्या, नवे नाव त्याला जोडून वापरा. एका आठवड्यात घर, माणसे, जेवण, हवा आणि स्वतःचे नाव, सगळेच बदलले तर त्याच्याजवळ उरले काय?

आणि पाहुण्यांची जत्रा. मुंबईला उतरले की गावाला न्यायचे, तीस-चाळीस माणसे, प्रत्येकाने उचलून घ्यायचे, अकीक्याची दावत, फोटो. माणसे प्रेमानेच करतात, यात शंका नाही. पण पहिले काही आठवडे भरवणे, न्हाऊ घालणे, झोपवणे फक्त आई-बापाने करावे. दादीने लांबून दुआ करावी, दावत तीन-चार महिन्यांनी व्हावी. दादीला हे समजावणे ‘कारा’च्या पोर्टलपेक्षा अवघड आहे, हे मान्य.

आता शरीयतचा भाग. तो इथे आणायचे कारण असे की आपली कुटुंबे हे प्रश्न बहुधा मूल घरी आल्यावर विचारतात. यतीमाच्या कफालतीचे मोठेपण सांगायला नको. ते प्रत्येक जुम्म्याला ऐकतो. सूरह अहजाबमध्ये हजरत जैद (रजि.) यांच्या संदर्भात हुकूम आला तो वंशाबाबत: मुलाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने ओळखावे, नसब पुसू नये. संगोपनावर तिथे बंदी नाही. वारशाऐवजी हयातीत हिबा आणि एक-तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. उलट जे.जे. अ‍ॅक्टमध्ये दत्तक मूल हे पोटच्या मुलासारखेच धरले जाते. दोन्हीचा मेळ कसा घालायचा हे विश्वासू आलिम आणि वकील दोघांसमोर बसून, पहिल्या भेटीच्या आधी ठरवावे.

महरमचा प्रश्नही तसाच. रजाअतने, म्हणजे दूध पाजण्याने, तो सुटू शकतो, पण ते मूल साधारण दोन वर्षांच्या आत असेल तरच. शाफई मसलकात, आणि कोकणातले बहुतेक शाफईच आहेत, पाच वेळा पाजणे लागते. हनफीत एकदाही पुरते. मुलगा असेल तर होणाऱ्या आईच्या बहिणीने पाजले, मुलगी असेल तर होणाऱ्या वडिलांच्या बहिणीने पाजले, तरी नाते महरमचे होते. बहीण त्या काळात बाळंतीण हवी, तिची तब्येत तपासलेली हवी, डॉक्टरांचा सल्ला हवा. म्हणजे हे भारतात मूल तात्पुरते आपल्या ताब्यात असतानाच जमवावे लागते; परदेशी निघून गेल्यावर वेळ टळते. आणि मूल दोन वर्षांच्या पुढचे असेल तर? तर पडद्याचा प्रश्न वयात येण्याच्या सुमारास येईल, आज नाही. चार वर्षांच्या पोरीला ‘उद्या गैर-महरम होणार’ म्हणून बापाने जवळच घ्यायचे टाळणे, असे होते, आणि त्याला शरीयतचा आधार नाही.

जागतिक कायद्यातही कफालतला जागा आहे. १९८९ च्या बालहक्क करारात कलम २० मध्ये तिचा नावाने उल्लेख आहे. मोरोक्कोने २००२ मध्ये कफालतचा स्वतंत्र कायदा केला. तिथे काय झाले ते आपण वाचायलाच हवे. स्पेनमधली अनेक जोडपी तिथल्या अनाथालयांत जाऊन मुलांना भेटत होती. कायद्यात सांभाळणारा मुसलमान असावा अशी अट होती, त्यासाठी काहींनी इस्लाम स्वीकारला. सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमंत्र्यांनी परिपत्रक काढले की देशात न राहणाऱ्या परदेशी लोकांना कफालत देऊ नये, कारण मूल बाहेर गेल्यावर त्याचे संगोपन अटींप्रमाणे होते का हे पाहता येत नाही. कारण चुकीचे म्हणता येत नाही. पण ज्यांच्या भेटी आधीच सुरू झाल्या होत्या ती जोडपी तिथेच अडकली, मुले रोज दाराकडे बघत राहिली. पुढच्या वर्षी अडकलेल्यांपैकी काहींचा मार्ग मोकळा झाला. नियम बदलायचे तर बदला, पण ज्या मुलाची भेट सुरू झाली आहे त्याला नव्या नियमातून वगळा. चीनने हे केले नाही. भारताने उद्या काही बदल केला तर आपल्या संघटनांनी पहिली मागणी हीच करावी.

राहिला बापाच्या सुट्टीचा प्रश्न. आखातातल्या नोकरीत वर्षाला महिनाभर सुट्टी. आदेश, पासपोर्ट, व्हिसा यात महिने जातात. मग अम्मी भाड्याच्या खोलीत मुलाबरोबर थांबते, अब्बा परत जातात, आणि मूल एकटीच्या पदराला चिकटते. सहा महिन्यांनी एअरपोर्टवर अब्बा दिसले की ते किंचाळते. यावर जादूची कांडी नाही. ज्यांना जमते त्यांनी सुट्टी तोडून दोनदा यावे, पहिल्यांदा ओळखीला, दुसऱ्यांदा न्यायला. मधल्या काळात रोज एकाच वेळी व्हिडिओ कॉल, तीच सूरह, तेच बोलणे. निघताना अब्बांचा वापरलेला एखादा सदरा मुलाजवळ ठेवावा.

घरी पोहोचल्यावर पहिली दोन वर्षे तिथली संस्था पाहणी करून अहवाल पाठवते, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. लोक त्या दिवशी घर आवरतात, मुलाला नवे कपडे घालतात आणि ‘सब ठीक’ म्हणतात. पाहणीला येणाऱ्या बाईला रात्री दोन वाजता मूल का उठते ते सांगितले, तर ती मूल परत नेणार नाही. बालमानसतज्ज्ञाचा पत्ता देईल. आणि संस्थेतून मिळालेली फाइल, फोटो, ती न धुतलेली चादर जपून एका पेटीत ठेवावी. कोरियातून गेलेली मुले आज पन्नाशीत आपले खरे नाव शोधत फिरताहेत. आपल्या मुलाने विचारले तर ती पेटी त्याच्यापुढे उघडून ठेवता आली पाहिजे.