मालावर नाव कोणाचे?

लोणच्याची चिनी मातीची बरणी आपल्या घरोघरी असते. साधारण तशाच पक्क्या भाजणीची, खाली तोटी लावलेली पाण्याची पिंपे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सर्रास वापरीत. त्यांना तिकडे वॉटर कूलर म्हणत. नाव कूलर, पण आपल्या माठासारखे पाझरून पाणी गार करणे त्यांना जमत नसे. आत बर्फ टाकावा लागे! भट्टी ऐन तापावर असताना तीत मीठ फेकीत, त्याच्या वाफेने भांड्यावर काचेसारखी झिलई चढे. नक्षी कोबाल्टच्या निळ्या रंगाची.

फ्रीज आला आणि ही पिंपे अडगळीत गेली. मिनेसोटा राज्यातील रेड विंग गावचा भांड्यांचा कारखाना १९६७ साली बंद पडला. दहाच वर्षांनी, १९७७ साली, त्याच्या मालाच्या संग्राहकांनी आपली संघटना काढली. आज अशा पिंपांचे लिलाव होतात.

भाव ठरतो कशावर? नक्षी, आकार, तडा आहे की नाही, हे तर आहेच. पण जाणकार आधी शिक्का पाहतो. बेनिंग्टनच्या नॉर्टन घराण्याने १७९३ ते १८९४ हा धंदा केला; मालावर आपले नाव आणि गाव ठोकले. काही दुकानदारही कुंभाराकडून स्वतःचे नाव घालून घेत. फसवणूकही आहे. साध्या जुन्या भांड्यावर नवी निळी नक्षी काढून ते पुन्हा भाजतात.

दक्षिण कॅरोलिनातील डेव्हिड ड्रेक हा कुंभार तर गुलाम होता. गुलामांना लिहायला शिकवणे तेथे १८३४ च्या कायद्याने गुन्हा होता. तरी त्याने ओल्या मातीवर आपले नाव कोरले. त्याचा १८५८ चा पंचवीस गॅलनचा रांजण २०२१ साली पंधरा लाख साठ हजार डॉलरना गेला.

आमचे कारागीर बंधू मात्र माल निनावी देतात आणि लेबल दुसऱ्याचे लागते. ही सवय सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्यापारी कुरकुर करतील, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी आपले नाव जरूर घालावे, पण कारागिराच्या नावाशेजारी. ठशाला खर्च तो किती?